डेल्टावरून सीमेन्सकडे जाताय? पहिला पीएलसी स्वतःच्या पैशाने घेऊ नका

वाचकाचं पत्र :

काका, सप्रेम नमस्कार. मी एरंडोल तालुक्यातला. भुसावळला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन केलं आणि गेली सहा वर्षं जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आमच्या पाचही लाइनवर डेल्टाचे डीव्हीपी पीएलसी (यंत्र चालवणारे प्रोग्रॅमचे कंट्रोलर) आहेत. लॅडर, म्हणजे पीएलसीची आकृत्यांची भाषा, मला बऱ्यापैकी जमतं : टायमर, काउंटर, मोटरच्या ड्राइव्हशी मॉडबसने बोलणं, छोटे-मोठे बदल. दिवाळीनंतर सहावी लाइन येतेय, तिच्यावर सीमेन्सचा एस७-१२०० आहे. मालक म्हणाले, "ही तुलाच सांभाळायची आहे." शिकायला म्हणून मी ३५ हजार रुपये बाजूला ठेवलेत. पुण्यातला मित्र म्हणतो, ॲलन-ब्रॅडली शीक, तिकडे पगार चांगला मिळतो. पॅनेलचं सामान देणारा विक्रेता म्हणतो, मित्सुबिशी घ्या, डेल्टासारखंच आहे. एका क्लासवाल्याकडे जुना एस७-३०० चा किट स्वस्तात मिळतोय. माझा लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅमचा. काय घेऊ? आणि डेल्टावर शिकलेलं सगळं वाया जाणार का? (नाव छापू नये.)

उत्तर :

भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरी काळजी तीच दिसते. डेल्टावर शिकलेलं वाया जात नाही. स्टार्टचं बटण सोडल्यावरही मोटर धरून ठेवणारी ओळ, दोन कॉन्टॅक्टरमधला इंटरलॉक, स्टॉपचं बटण एनसीच (न दाबता जोडलेलं) का ठेवायचं, कटरची करवत मागे आल्याची खूण मिळाल्याशिवाय क्लॅम्प का सोडायचा नाही, हे सगळं तुम्ही यंत्रापाशी उभं राहून शिकलात. कंपनी बदलली म्हणून ते विसरायला होत नाही. आयईसी ६११३१-३ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९३ साली आलं, तेव्हापासून लॅडर, फंक्शन ब्लॉक, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट या भाषांचा सांगाडा बहुतेक कंपन्यांनी त्याच्या जवळपास आणून ठेवलाय. बदलतं ते पत्ते लिहिण्याची रीत, मेमरीची मांडणी, वायरिंगच्या सवयी आणि सॉफ्टवेअर. या चार गोष्टी नीट कळल्या, तर दोन-तीन महिन्यांत तुम्ही नव्या लाइनच्या पॅनेलपुढे निश्चिंत उभे राहाल.

आता काय घ्यायचं ते. नव्या लाइनवर जो सीपीयू, म्हणजे पीएलसीचा मुख्य डबा, येतोय, नेमका तोच घ्या. आणि तो तुमच्या ३५ हजारांतून नको, कारखान्याच्या पैशातून यायला हवा, स्पेअर म्हणून.

असं का म्हणतो, ते तुमच्या मालकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. पीव्हीसीची लाइन बंद पडणं म्हणजे नुसतं उत्पादन थांबणं नव्हे. बॅरलमधला गरम माल तिथेच राहिला तर तो काळा पडतो, जळतो, आम्लाची वाफ सोडतो. मग डाय उघडा, स्क्रू बाहेर काढा, घासा. दोन तासांच्या बिघाडाचे दोन दिवस होतात. रात्री दोन वाजता सीपीयू गेला आणि नवा पुणे-नाशिकहून यायचा असेल, तर गाडीतून येणाऱ्या त्या खोक्याची वाट बघण्यापलीकडे हातात काही उरत नाही. डेल्टाच्या पाच लाइन आहेत, म्हणून आजवर एकीचं दुसरीला लावून वेळ निभावली असेल. सीमेन्सची एकच लाइन असणार, तिला घरात दुसरं भावंड नाही. त्यामुळे स्पेअर सीपीयू कपाटात असणं ही कारखान्याचीच गरज आहे. तो लाइनसोबतच मागवला आणि लाइन येईपर्यंत तुम्ही त्यावर शिकलात, तर मालकांचा एक पैसाही वाया जात नाही. त्यांच्याशी बोलताना "मला शिकायचंय" इथून सुरुवात करू नका, "बॅरलमध्ये माल जळेल" इथून करा. तुम्ही शिकणार आहात हे लपवायचं नाही, तेही सांगा. पण क्रम हा ठेवा.

तोच सीपीयू म्हणताना मला नुसतं "एस७-१२००" म्हणायचं नाही. त्या नावाखाली १२११सीपासून १२१७सीपर्यंत सीपीयू आहेत, आणि एकाच १२१४सीचे तीन प्रकार मिळतात. डीसी-डीसी-डीसी म्हणजे चोवीस व्होल्टवर चालणारा, ट्रान्झिस्टर आउटपुटचा. एसी-डीसी-रिले म्हणजे थेट २३० व्होल्टवर चालणारा, रिले आउटपुटचा. तिसरा डीसी-डीसी-रिले. डब्यावर ऑर्डर क्रमांक छापलेला असतो, १२१४सी डीसी-डीसी-डीसीचा ६ईएस७ २१४-१एजी४०-०एक्सबी० असा. तो पूर्ण, अक्षरन् अक्षर, शिवाय त्याखालची फर्मवेअरची आवृत्ती यंत्र बनवणाऱ्याकडून लेखी मागवा. अलीकडे एस७-१२०० ची जी-टू नावाची नवी पिढीही बाजारात आली आहे. तिला टीआयए पोर्टलची (सीमेन्सचं प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर) व्ही२० आवृत्ती लागते आणि जुन्या पिढीचे जोड-मॉड्यूल तिला बसत नाहीत. विक्रेत्याने "हाच नवा मॉडेल आहे" म्हणून जी-टू दिला आणि यंत्रावर जुनी पिढी निघाली, तर तुमचा स्पेअर हा स्पेअर राहत नाही.

या पत्रव्यवहारातच आणखी काही मागून घ्या, आणि हे मी कळकळीने सांगतोय. प्रोग्रॅमची मूळ प्रोजेक्ट फाइल, ती टीआयएच्या कोणत्या आवृत्तीत लिहिली आहे ते, सगळे पासवर्ड, वायरिंगचा नकाशा, इनपुट-आउटपुटची यादी, ड्राइव्ह आणि डिस्प्लेच्या सेटिंगच्या प्रती. शेवटचा हप्ता देण्याआधी मागा. हप्ता गेल्यावर फोन उचलणारा माणूस बदलतो. काही वर्षांपूर्वी मला खानदेशातल्याच एका कारखान्यात बोलावलं होतं. यंत्र चांगलं होतं, सीपीयू गेला होता, नवा सीपीयूही आणून ठेवला होता. पण त्यात टाकायला प्रोग्रॅमच नव्हता. जुना पासवर्डने बंद, आणि बनवणाऱ्याशी संपर्क होईना. ऑपरेटरला शेजारी बसवून, यंत्र काय-काय करायचं ते विचारून विचारून सगळा प्रोग्रॅम आम्ही नव्याने लिहिला. तेवढे दिवस कारखाना बंद आणि रोजंदारीची माणसं घरी बसून. त्या माणसांचे चेहरे आठवले की मी प्रत्येकाला हेच सांगतो : फाइल आधी मागा.

आता बाकीच्या तीन सल्ल्यांबद्दल. तुमच्या विक्रेत्याचं म्हणणं खोटं नाही. मित्सुबिशीच्या एफएक्स घराण्यात आणि डेल्टाच्या डीव्हीपीत एक्स, वाय, एम, डी, टी, सी तेच, इनपुटचे आकडे दोन्हीकडे अष्टमान, एक्स७ नंतर थेट एक्स१०. एफएक्स५यू हा आजचा चांगला पीएलसी आहे, इथरनेट त्यात मुळातच आहे. पण जे तुम्हाला येतं त्याच्याच शेजारचं शिकायला पैसे घालायचे, आणि तेही कारखान्यात नसलेल्या यंत्रासाठी, हे आत्ता पटत नाही. त्याचं जीएक्स वर्क्स सॉफ्टवेअरही विकत घ्यावं लागतं.

मित्राचा सल्ला प्रेमापोटी आहे, मात्र त्यात एक खाच आहे. ॲलन-ब्रॅडलीचे मायक्रो८०० मालिकेतले छोटे कंट्रोलर एका सॉफ्टवेअरवर चालतात, त्याची साधी आवृत्ती फुकट मिळते. मोठ्या कारखान्यांतले कंट्रोललॉजिक्स-कॉम्पॅक्टलॉजिक्स चालतात स्टुडिओ ५००० वर, ते वेगळं आणि महाग. चाकणच्या जाहिरातीत जे मागतात ते सहसा हे दुसरं. मायक्रो८२० घेऊन तुम्ही लॅडर घोटाल, पण मुलाखतीत "स्टुडिओ ५००० वर काम केलंय का?" असं विचारलं तर उत्तर नाहीच राहील. पुण्याला जायचंच ठरलं, तर एस७-१२०० चा खराखुरा अनुभव, आणि तोही चालत्या लाइनवरचा, तिकडेही चालतो. टीआयए पोर्टलमध्येच पुढचा एस७-१५०० असतो, त्यामुळे ते शिकणं पुढच्या पायरीला जोडलेलं आहे.

जुन्या एस७-३०० च्या किटचं मात्र मी स्पष्ट नाही म्हणतो. तो पीएलसी भक्कम होता आणि अजूनही कितीतरी कारखान्यांत चालतोय, पण नवशिक्याने त्यावर पैसे घालू नयेत. त्याला जोडायला वेगळा ॲडाप्टर लागतो, आणि एस७-१२०० पुरती असलेली टीआयएची छोटी आवृत्ती, स्टेप ७ बेसिक, त्याला उघडत नाही. असंच एस७-२०० स्मार्ट नावाचा एक डबा ऑनलाइन स्वस्तात दिसतो. नावातलं साम्य बघून घेऊ नका. त्याचं सॉफ्टवेअर वेगळं, तो टीआयएमध्ये येतच नाही.

तर मग तुमचे ३५ हजार कुठे लावायचे? लॅपटॉपमध्ये. टीआयए पोर्टल हे जड सॉफ्टवेअर आहे. डेल्टाचं डब्ल्यूपीएलसॉफ्ट कोणत्याही जुन्या लॅपटॉपवर उघडतं, फुकटही मिळतं, म्हणून सॉफ्टवेअरलाही ताकद आणि पैसा लागतो हे आपल्याकडच्या मुलांच्या ध्यानातच येत नाही. टीआयएला १६ जीबी रॅम आणि एसएसडी हवी. ४ जीबीवर ते उघडेपर्यंत चहा होतो, आणि उघडलं तरी कंपाइल करताना अडकून बसतं. तुमच्या लॅपटॉपला रॅम वाढवता येत असेल तर उत्तम, नसेल तर ऑफिसांतून निघालेले चांगले जुने लॅपटॉप मिळतात, तसा एक बघा. त्यातून उरलेल्या पैशात एक चोवीस व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), आठ-दहा टॉगल स्विच, पाच-सहा चोवीस व्होल्टचे इंडिकेटर, दोन रिले, एक डीन रेल (सीपीयू बसवायची पट्टी) आणि एक लॅनची केबल. प्रोग्रॅम टाकायला एस७-१२०० ला साधी लॅनची केबल पुरते, डेल्टासारखी आरएस-२३२ ची केबल आणि यूएसबी कन्व्हर्टर शोधत बसावं लागत नाही. लायसन्सही कारखान्याच्या नावावर असावं : स्टेप ७ बेसिक, कारण तुमचा सीपीयू १२०० आहे, मोठं प्रोफेशनल लागत नाही. बेसिकमध्ये सीमेन्सच्या बेसिक पॅनेलचे डिस्प्ले करण्याची सोयही येते. कुणी पेन ड्राइव्हवर क्रॅक केलेली आवृत्ती आणून देईल. ती कारखान्याच्या लॅपटॉपवर टाकू नका. चोरीची गोष्ट आहेच, शिवाय त्या पेन ड्राइव्हसोबत आलेला व्हायरस लाइन बंद पाडू शकतो.

सीपीयू यायच्या आधीही बरंच होईल. टीआयएची २१ दिवसांची चाचणी आवृत्ती मिळते, आणि पीएलसीसिम नावाचा सिम्युलेटर आहे, त्यात एस७-१२०० लॅपटॉपवरच चालवता येतो. २१ दिवस लवकर संपतात, म्हणून रजा किंवा मोकळा आठवडा जवळ असेल तेव्हाच ती सुरू करा. एक सूचना आवृत्तीची. टीआयएच्या नव्या आवृत्तीत प्रोजेक्ट एकदा चढवला की तो जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही. म्हणून यंत्रवाल्याची आवृत्ती आधी कळू द्या, मग लायसन्स घ्या, आणि मूळ फाइलची प्रत कुणी हात लावणार नाही अशा जागी ठेवा.

आता चुका. डेल्टाचा सराव झालेला हात सीमेन्सवर ठरावीक ठिकाणी अडखळतो. त्या जागा आधीच दाखवून ठेवतो.

एक जागा मात्र सोपी जाते. अष्टमानाची सवय तुम्हाला इथे कामी येईल. सीमेन्समध्ये इनपुट आय०.० ते आय०.७ असे आठ, मग आय१.०. तुमचा एक्स७ म्हणजे आय०.७ आणि एक्स१० म्हणजे आय१.०. आउटपुटला वायऐवजी क्यू. १२१४सीवर १४ इनपुट आय०.० ते आय१.५, आणि १० आउटपुट क्यू०.० ते क्यू१.१. एवढं पाठ झालं की वायरिंगचा नकाशा वाचता येतो.

सगळ्यात धोक्याची जागा मेमरी. डेल्टात डी० हा एक रजिस्टर (आकडा ठेवायची जागा), डी१ दुसरा, दोघांचा संबंध नाही. सीमेन्समध्ये एमडब्ल्यू० म्हणजे बाइट ० आणि १ मिळून, आणि एमडब्ल्यू१ म्हणजे बाइट १ आणि २ मिळून. मधला बाइट दोघांचा सामाईक! डेल्टाच्या सवयीने मी एका दाल मिलमध्ये पोत्यांची मोजणी एमडब्ल्यू१० मध्ये आणि भरण्याच्या वेळेची सेटिंग एमडब्ल्यू११ मध्ये ठेवली. सेटिंग ३०० दिली. पहिलं पोतं गेलं, सेटिंग ५५६ झाली. दुसरं गेलं, ८१२. प्रत्येक पोत्यामागे २५६ ने वाढत होती, कारण मोजणीचा खालचा बाइट हाच सेटिंगचा वरचा बाइट होता. डाळ पोत्याबाहेर वाहू लागली तेव्हा पहिल्यांदा वाटलं व्हॉल्व्ह अडकलाय. २५६ हा आकडा दिसताच कारण कळलं, पण तोवर अर्धा दिवस गेला होता. म्हणून एमडब्ल्यू वापरायचेच असतील तर ०, २, ४ असे दोन-दोनच्या अंतराने. त्याहून चांगलं म्हणजे एम वापरूच नका. डेटा ब्लॉक करा, प्रत्येक गोष्टीला नाव द्या, "पाइप_लांबी", "कटर_वेळ" असं, आणि पत्त्यांचा हिशोब टीआयएवर सोडा. डेल्टावरून येणाऱ्याला नावांनी काम करण्याचा आळस वाटतो. तो पहिल्या आठवड्यातच मोडा.

तिथेच आणखी एक. डेल्टाच्या एम१००२ सारखा पहिल्या स्कॅनचा (प्रोग्रॅमच्या पहिल्या फेरीचा) बिट सीमेन्समध्ये आपोआप मिळत नाही. सीपीयूच्या प्रॉपर्टीत सिस्टिम मेमरीची खूण करावी लागते, मग साधारणपणे एम१.० पहिल्या स्कॅनचा आणि एम१.२ कायम चालू असलेला बिट होतो. क्लॉकच्या बिटांची खूण केली तर एमबी० हा पूर्ण बाइट त्यांना जातो. म्हणजे या दोन खुणा केल्यावर एम०.० किंवा एम१.० तुम्ही स्वतःच्या कामाला वापरायचे नाहीत. नाहीतर तुमचा बिट आपोआप लुकलुकताना दिसेल आणि कारण सापडणार नाही.

टायमर डेल्टात टी० के५० असा लिहिला की पाच सेकंद झाले. इथे टॉन (उशिराने चालू होणारा) टायमर आणाल तेव्हा टीआयए त्याच्यासाठी एक डेटा ब्लॉक मागेल. प्रत्येक टायमरला वेगळा द्या, वेळ टी#५एस अशी लिहा. ओळ कॉपी-पेस्ट केली आणि दोन टायमरना एकच ब्लॉक राहिला, की दोघेही एकमेकांची वेळ बिघडवतात.

वीज जाऊन आल्यावर मोजणी टिकावी, हे आपल्याकडे रोजचं आहे. डेल्टात डी रजिस्टरचे काही पट्टे मुळातच वीज गेली तरी धरून ठेवणारे असतात. एस७-१२०० मध्ये तुम्ही स्वतः "रिटेन"ची खूण केली नाही तर काहीही टिकत नाही, एम मेमरीही सुरुवातीला शून्य बाइटच टिकवते. पाइपची मोजणी, शिफ्टचं उत्पादन, साच्याची सेटिंग, या प्रत्येकाला आठवणीने खूण करा. मग सिम्युलेटरवर नव्हे, खऱ्या सीपीयूची वीज काढून बघा.

वायरिंगकडे या. तुमच्या डेल्टा पॅनेलमध्ये रिले आउटपुटवरून २३० व्होल्टच्या कॉन्टॅक्टरची कॉइल थेट चालवलेली असेल, तर ती सवय इथे विसरा. डीसी-डीसी-डीसी प्रकारचे ट्रान्झिस्टर आउटपुट २४ व्होल्टचे आणि अर्ध्या अँपिअरचे. तिथे २३० लागले की तो आउटपुट गेलाच समजा. मध्ये रिले हवाच. सेन्सरचं म्हणाल तर इनपुट एनपीएन (शून्य व्होल्टकडे जोडणारे) किंवा पीएनपी (चोवीस व्होल्ट देणारे) दोन्ही प्रकारे जोडता येतात, कॉमन १एम कुठे जोडता त्यावर ठरतं. पण १२१४सीवरच्या चौदाही इनपुटला कॉमन एकच आहे. म्हणजे त्याच्यावर काही एनपीएन आणि काही पीएनपी असे मिसळून चालत नाहीत. जुन्या लाइनच्या कपाटातला एनपीएन सेन्सर घाईत नव्या लाइनवर लावाल तेव्हा हे आठवा. त्या कपाटात आधीच दोन डबे करून ठेवा, वर ठळक लिहून.

सीपीयूवरचे दोन ॲनालॉग इनपुट फक्त ० ते १० व्होल्टचे आहेत. प्रेशरचा ४-२० मिलिअँपिअरचा ट्रान्समीटर त्यांना थेट लावायचा नाही, वेगळा ॲनालॉग मॉड्यूल लागतो. बॅरलच्या थर्मोकपलसाठी तर थर्मोकपलचाच मॉड्यूल. पूर्ण मोजमापाचा आकडा इथे २७६४८ येतो, तो लक्षात राहू द्या, स्केलिंगमध्ये रोज लागेल. आणि मॉडबस, ज्यात तुमचा हात बसलाय : डेल्टाच्या ईएस२-एसएस२ या डीव्हीपी मॉडेलांवर आरएस-४८५ मुळातच होतं, १२१४सीवर नाही. इथे इथरनेट आहे. जुन्या ड्राइव्हशी आरएस-४८५ ने बोलायचं असेल तर सीबी किंवा सीएम १२४१ हा जोड घ्यावा लागतो. जुन्या लाइनच्या डेल्टाकडून ३२-बिटी आकडा मागवलात तर दोन शब्दांची जागा उलटी येते, डेल्टा आधी खालचा शब्द ठेवतो, सीमेन्स वरचा. आकडा अवास्तव मोठा दिसला तर आधी शब्द अदलून बघा, मग केबलला दोष द्या.

आपल्या उन्हाबद्दल बोलल्याशिवाय मला हे पत्र पुरं करता येत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो, एक्स्ट्रूडरशेजारी त्याहून जास्त, आणि बंद पॅनेलच्या आत त्याहूनही जास्त. एस७-१२०० आडव्या रेलवर बसवला तर ६० अंशांपर्यंत चालतो, उभ्या रेलवर ५० पर्यंतच. लाइन बसवताना पॅनेल उभं करणारे जागा वाचवायला रेल उभी मारू पाहतील. तिथे हजर राहा आणि आडवी करून घ्या. सीपीयूच्या वर-खाली किमान २५ मिलिमीटर मोकळं ठेवा, ड्राइव्हची गरम हवा त्याच्यावर येऊ देऊ नका, पॅनेलच्या पंख्याची जाळी पीव्हीसीच्या भुकटीने भरते ती दर आठवड्याला झटका. माझ्या पाहण्यात आपल्या भागात उष्णतेने आणि धुळीने जेवढे पीएलसी गेले, तेवढे प्रोग्रॅमच्या चुकीने गेले नाहीत.

इमर्जन्सीचं बटण प्रोग्रॅममध्ये घेतलंय म्हणून वायरिंगमधून काढू नका. कॉन्टॅक्टरची वीज थेट तोडणारी वायर आणि सेफ्टी रिले हे पीएलसीच्या वर असतात, कंपनी कुठलीही असो. नव्या लाइनच्या नकाशात हे आधी तपासा.

एक मेमरी कार्डही मागवून घ्या, सीमेन्सचंच, मोबाइलचं चालत नाही. त्याला प्रोग्रॅम कार्ड केलं की यंत्राचा प्रोग्रॅम त्यावर राहतो. सीपीयू गेला तर वीज बंद करून कार्ड काढायचं, स्पेअरमध्ये घालायचं, वीज द्यायची. रात्री तुम्ही एरंडोलला घरी असाल तर शिफ्टचा वायरमनही हे करू शकतो. चालू वीज असताना कार्ड काढायचं नाही आणि लॅपटॉपवर ते फॉरमॅट करायचं नाही, एवढं पॅनेलच्या दारावर मराठीत लिहून चिकटवा.

सरावासाठी वेगळी पुस्तकी उदाहरणं शोधू नका. तुमच्या तीन नंबरच्या लाइनवरचा कटरचा भाग घ्या. लांबी मोजणारा एन्कोडर, क्लॅम्प, करवतीची मोटर, परत येण्याचा स्विच. डेल्टाचा छापील लॅडर समोर न ठेवता तो टीआयएमध्ये नव्याने लिहा, नावांनी, डेटा ब्लॉकसह. एन्कोडर असल्याने हाय स्पीड काउंटर लागेल, तो इथे लॅडरमध्ये नव्हे तर सीपीयूच्या प्रॉपर्टीत आधी चालू करावा लागतो. तिथे तुम्ही नक्की अडाल, एक-दोन संध्याकाळी जातील, जाऊ द्या. मग टॉगल स्विचना सेन्सर समजून पूर्ण फेरी चालवा, मध्येच वीज काढा, क्लॅम्पचा सेन्सर तुटल्यासारखा करा, बघा काय होतं. लाइन येईल तेव्हा यंत्रवाल्याचा माणूस सुरू करताना त्याच्या खांद्यामागे उभं राहून तुम्हाला त्याच्या पडद्यावरचं कळलं पाहिजे.

मालकांशी बोलणं झालं आणि यंत्रवाल्याकडून ऑर्डर क्रमांकाचा कागद आला, की त्याची प्रत मला पाठवा. स्पेअर आणि जोड-मॉड्यूलची यादी बघून कळवतो.